जादा तासावरचा आक्षेप

परीक्षेचा हंगाम आला की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: अपंग विद्यार्थ्यांना वेळ जादा, वर लेखनिकही, मग गुणवत्तेचं काय? ही तक्रार करणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांचं म्हणणं नीट मांडलं तर असं होतं. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जातं म्हणून परीक्षेला किंमत आहे; एकासाठी माप बदललं की तुलना संपली. शिवाय खोटी प्रमाणपत्रं मिळतात. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या निवडीवरून उठलेल्या वादाने ही शंका घरोघर पोहोचवली. आणि शेवटचं, पुढे नोकरीत कोण देणार आहे जादा तास?

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याच्याजवळ जास्त थांबायला हवं.

अर्थशास्त्राच्या पेपरला बसलेली एक दृष्टिहीन विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. डोळस मुलगा प्रश्नपत्रिकेवरून एकदा नजर फिरवतो आणि आधी तिसरा प्रश्न सोडवायचा असं ठरवून मोकळा होतो. तिला मात्र सगळे प्रश्न लेखनिकाकडून ऐकून डोक्यात धरून ठेवावे लागतात. मग उत्तर सांगायचं, तेही लेखनिकाच्या हाताच्या वेगाने. परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक नियमाप्रमाणे तिच्यापेक्षा कमी शिकलेला असतो, त्यामुळे ‘मक्तेदारी’ आणि ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून मधूनमधून थांबून लिहिलेलं वाचून घ्यायचं, चुकलेला शब्द खोडायला लावायचा, मागच्या परिच्छेदात नेमकं काय सांगितलं ते पुन्हा ऐकायचं. पुरवणी जोडेपर्यंत विचाराचा धागा तुटतो, तो परत पकडायचा. केंद्र सरकारने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ठरवलेला भरपाईचा वेळ तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो या वाचण्या-सांगण्या-तपासण्यात खर्ची पडतो. चलनविषयक धोरण तिला कितपत समजलं हे त्या पेपरने मोजायचं आहे. जादा तास काढून घेतला तर पेपर दुसऱ्याच्या हाताचा वेग मोजेल. एकच माप हवं असेल तर ते ज्ञानाचं असावं, आणि ते तसं राहावं म्हणूनच हा तास आहे.

यात आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. काही पेपर इतके लांबलचक काढलेले असतात की वेळ वाढवून दिला तर कोणाचेही गुण वाढतील. पण तो दोष पेपर काढणाऱ्याचा आहे. पेपर सर्वांसाठी आटोपशीर करा. ज्याला लिहायलाच दुप्पट कष्ट पडतात त्याचा तास कापून तो दोष निघत नाही.

आता गैरवापर. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात याचं उत्तर दिलेलं आहे. लिहिताना बोटं आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचं अपंगत्व सवलतीसाठी लागणाऱ्या किमान 40 टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हतं. सवलत मोकळी केली तर तिचा गैरफायदा घेतला जाईल, असा बचाव पुढे आला. न्यायालयाने तो मानला नाही. धडधाकट परीक्षार्थीही चिठ्ठ्या आणून कॉपी करतात. तेव्हा आपण कॉपी करणाऱ्याला पकडतो, वर्गातल्या सगळ्यांचा हक्क काढून घेत नाही. लेखनिकाची गरज आणि 40 टक्क्यांचा आकडा यांची सांगड घालता येत नाही, हेही त्या निकालाने स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात उलटाच प्रकार जास्त दिसतो. 2021 च्या ‘नीट’ला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यात अडचण, असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा तास दिलाच गेला नाही, बाकीच्यांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि आपल्यावर अन्याय झाला हे तिथे मान्य करून घेईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. सवलतीच्या दुरुपयोगावर जितकी चर्चा होते तितकी अशा नकारावर होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नोकरीत जादा वेळ कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येतं. नोकरीत कोणी तीन तास कागदावर हाताने निबंध लिहीत नाही. तिथे संगणक असतो, आणि तो पडद्यावरचं वाचून दाखवतो.

इथपर्यंत झालं खंडन. मला खरं म्हणायचं आहे ते पुढचं. आपला सगळा वाद मार्चमधल्या एका तासाभोवती फिरतो आणि जूनपासूनचे नऊ महिने त्यात कुठेच नसतात. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्या दृष्टिहीन मुलाला वर्षभर काय मिळतं? नोट्सचे झेरॉक्स, किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोंची पीडीएफ. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरला त्यात अक्षरच सापडत नाही. प्राध्यापकांनी प्रेमाने टाइप केलेली फाइल पाठवली तरी ती अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असते. डोळ्याला ती स्वच्छ मराठी दिसते. स्क्रीनरीडर मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ वाचून दाखवतो. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर फुकट मिळतो, मराठी वाचतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटचा कायदाही अपंग वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करण्याच्या आड येत नाही. सुलभ पुस्तकांविषयीचा माराकेश करार 2014 मध्ये मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता. म्हणजे साधन आहे, कायदा आहे. नाही ती आपल्या कॉलेजातली सवय.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या आणि परीक्षेबरोबर अभ्यासक्रमातही योग्य ते बदल करायला सांगितलं. आपण त्यातला परीक्षेपुरता तुकडा उचलला, तोही कुरकुरत. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र 2003 पासून चालतं, तेव्हा हे जमणारं काम आहे याबद्दल शंका नको.

ज्या मुलाच्या हाती वर्षभर वाचता येईल असं एक पानही आपण दिलं नाही, त्याला शेवटी मिळणाऱ्या तासाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच: या जूनमध्ये आपल्या नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा किंवा करवून घ्या, आणि पहिल्या आठवड्यातच वर्गात विचारा की कोणाला त्या वेगळ्या रूपात हव्या आहेत.