पश्चिम आफ्रिकेतील एचआयव्ही स्वचाचणी

एचआयव्ही स्वचाचणी म्हणजे व्यक्तीने स्वतःचा नमुना स्वतः घेऊन चाचणी करणे व तिचा निकालही स्वतःच वाचणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये या पद्धतीची शिफारस केली. पश्चिम आफ्रिकेत कोत द'ईवोआर (आयव्हरी कोस्ट), माली व सेनेगाल या देशांत ती 'अ‍ॅटलास' प्रकल्पाद्वारे मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. या प्रकल्पास युनिटएडचे अर्थसाहाय्य होते.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने ठरविल्यानुसार २०२० पर्यंत ९० टक्के संसर्गित व्यक्तींना आपल्या संसर्गाची माहिती असणे अपेक्षित होते. पश्चिम व मध्य आफ्रिकेत २०१७ मध्ये हे प्रमाण सुमारे ४८ टक्केच होते. ज्याला संसर्गाची कल्पनाच नाही, त्याच्यापर्यंत उपचार पोहोचत नाहीत. आफ्रिकेच्या दक्षिण भागाच्या तुलनेत येथे एकूण लोकसंख्येतील संसर्ग कमी असल्याने सरसकट चाचणी खर्चिक ठरते. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष व अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्ती यांच्यात संसर्ग अधिक आढळतो. परंतु यांतील अनेक जण बदनामीच्या भीतीने आरोग्य केंद्रात जात नाहीत. सेनेगालमध्ये तर समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हा आहे. अशा ठिकाणी चाचणीच्या रांगेत उभे राहणेही धोक्याचे वाटू शकते.

चाचणीची पद्धत

प्रकल्पात तोंडातील द्रवावर आधारित 'ओराक्विक' संच वापरण्यात आला. संचातील पट्टी वरच्या व खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवून द्रावणाच्या नळीत ठेवतात आणि २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान निकाल वाचतात. नियंत्रण रेषेसह दुसरी रेषा, फिकट का होईना, उमटल्यास निकाल प्रतिक्रियात्मक मानला जातो. हे अंतिम निदान नव्हे. आरोग्य केंद्रात पुष्टी-चाचणी आवश्यक असते. चाचणी विषाणू नव्हे, तर प्रतिपिंडे शोधते. त्यामुळे मागील तीन महिन्यांत संसर्गाचा धोका पत्करलेल्या व्यक्तीने ऋण निकालावर विसंबू नये, काही काळाने पुन्हा चाचणी करावी. एचआयव्हीवर औषधोपचार घेणाऱ्यांसाठी ही चाचणी नाही, कारण त्यांच्यात ती चुकीचा ऋण निकाल दाखवू शकते.

दुय्यम वितरण

प्रकल्पाचे वैशिष्ट्य वितरणाच्या रीतीत होते. समवयस्क कार्यकर्ते एका व्यक्तीला एकाहून अधिक संच देत. ती व्यक्ती ते आपल्या जोडीदारास, ग्राहकास वा मित्रास देई. अशा रीतीने, कार्यकर्त्यांसमोर कधीही न येणाऱ्यांपर्यंत संच पोहोचत. वापराच्या पत्रकासोबत स्थानिक भाषांतील चित्रफिती व मोफत दूरध्वनी सेवाही पुरविण्यात आली.

मूल्यमापन

संच कोणी वापरला व निकाल काय आला, याची नोंद प्रकल्पाने जाणीवपूर्वक ठेवली नाही. गोपनीयता टिकली, परंतु परिणाम मोजणे अवघड झाले. म्हणून संचासोबत दिलेल्या निःशुल्क क्रमांकावर वापरकर्त्यांनी स्वेच्छेने व निनावी माहिती द्यावी, असे सर्वेक्षण घेण्यात आले. प्रतिसाद देणाऱ्यांत आयुष्यात प्रथमच एचआयव्ही चाचणी करणारे बरेच होते. काहींनी मात्र निकालाचा अर्थ चुकीचा लावल्याचेही दिसून आले.

कोत द'ईवोआरमधील जिल्हानिहाय आकडेवारीच्या अभ्यासात स्वचाचणीमुळे एकंदर चाचण्या व नवी निदाने वाढल्याचे आढळले. उपचार सुरू करणाऱ्यांच्या संख्येवर तिचा स्पष्ट परिणाम आढळला नाही.