कॉलरच्या डबीतून आलेला टेलिफोन



मी बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये राहतो. सैन्यात सिग्नल्समध्ये होतो, त्यामुळे तारा, खांब आणि टेलिफोन यांच्यातच नोकरी गेली. मध्यंतरी घराचं थोडं काम काढलं. इंटिरिअर करणाऱ्या मुलीनं बैठकीतला टेलिफोनचा जुना पॉइंट बुजवायला सांगितला आणि त्याच कोपऱ्यात ठेवायला एका काळ्या फोनचं चित्र दाखवलं. म्हणाली, "काका, हे सध्या खूप चालतंय." त्याला तबकडी होती, पण ती फिरत नव्हती. निव्वळ शोभेची वस्तू.

गंमत अशी, की तसले फोन जिथे खरोखर तयार होत, तो कारखाना आमच्याच भागात आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय. 1948 मध्ये सुरू झालेला हा स्वतंत्र भारतातला पहिला सरकारी उद्योग. त्याच्याभोवती वसलेल्या वसाहतीचं नाव दूरवाणीनगर. आपण मराठीत दूरध्वनी म्हणतो, कन्नडमध्ये दूरवाणी.

नळ, दाराची कडी, दिव्याचं बटण, तसाच टेलिफोन. एकदा भिंतीपाशी बसला की बसला. अशा वस्तूंचा आकार इंजिनिअर ठरवतो असं आपल्याला वाटतं. पण त्यात कपड्यांची फॅशन, हाताची सवय आणि शेजारपाजार यांचाही वाटा असतो. टेलिफोनची गोष्ट त्याचा उत्तम दाखला आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत होते. अल्मन स्ट्रौजर हा अंत्यविधीचं सामान पुरवणारा आणि व्यवस्था पाहणारा माणूस. आपली गिऱ्हाइकं टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय. म्हणून ऑपरेटरशिवाय नंबर जोडणारं यंत्र करायचं त्यानं ठरवलं. त्या काळी पुरुषांच्या शर्टाची कॉलर वेगळी असे आणि ती ठेवायला गोल डबी असे. सांगतात, की स्ट्रौजरनं अशीच एक डबी घेतली, तिच्यात टाचण्या ओळीनं टोचल्या आणि यंत्राचा पहिला नमुना केला. त्याला पेटंट मिळालं 1891 मध्ये. पुढे या यंत्राचा दांडा आधी वर चढायचा आणि मग गोल फिरायचा. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा जागा, म्हणजे शंभर जोडण्या. कॉलरची फॅशन गेली, डबी अडगळीत गेली, पण तिचा गोलावा जगभरच्या एक्स्चेंजमध्ये राहिला. आयटीआयनं लिव्हरपूलच्या ज्या कंपनीशी करार केला, ती हीच यंत्रणा बनवायची. म्हणजे कॉलरच्या डबीचा वंश के. आर. पुरमपर्यंत पोचला.

आता घरातल्या फोनकडे वळू. सुरुवातीला बोलायचा भाग वेगळा आणि कानाला लावायचा वेगळा असे. 1930 च्या सुमारास नॉर्वेत एरिक्सनच्या नव्या फोनचं काम निघालं, तेव्हा त्याला रूप दिलं यां हायबर्ग या चित्रकारानं. खाली रुंद, वर निमुळता देह आणि त्यावर आडवा रिसीव्हर. हे रूप बेकेलाइटमध्ये साच्यातून निघू लागलं. बेकेलाइटला गडद रंगच मानवत, म्हणून फोन काळा. आपण तो गंभीर सरकारी रंग समजलो, पण मुळात ती त्या मालाची मर्यादा होती. पुढे नवं प्लॅस्टिक आलं आणि अमेरिकेत 1959 मध्ये शयनगृहासाठी खास छोटा, रंगीत "प्रिन्सेस" फोन निघाला.

आपल्याकडे मात्र फोन मिळण्यासाठीच वर्षानुवर्षं रांग. रंग कोण विचारतो? मग फॅशन लोकांनी स्वतःच केली. फोनसाठी खास टेबल आलं, क्रोशाचा रुमाल आला, तबकडीच्या भोकात इवलंसं कुलूप आलं. आणि कुलूप असूनही रिसीव्हरच्या खालची बटणं टकटक दाबून नंबर लावणारी पोरं आली! कारण तबकडी परत येताना तरी दुसरं काय करते? पाच फिरवले की पाच ठोके, शून्य फिरवलं की दहा.

फोनची जागा शेजारानं ठरवली. तो बैठकीत, दाराजवळ असे, कारण अर्धी गल्ली तिथे बोलायला येई. आमच्या साताऱ्याच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा पीपी नंबर मी खिशातल्या डायरीत लिहिलेला होता. 1980 च्या दशकात सीमेवरच्या एका ठाण्यावरून ट्रंक कॉल लावला. आई पदराला हात पुसत धावत आली. मी विचारलं, "बाबा कसे आहेत?" ती म्हणाली, "सगळं ठीक आहे." महिन्याभरानं पत्र आलं. त्या दिवशी बाबा दवाखान्यात होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. सुट्टीवर गेल्यावर आईला रागानं विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "अरे, खोलीत पाच माणसं ऐकत होती. मी रडले असते तर?" बाबा वाचले. पण फोन कुठं ठेवला आहे यावर माणूस काय बोलू शकतो हे ठरतं, ते मी त्या दिवशी शिकलो. सिग्नल्सच्या प्रशिक्षणात ते नव्हतं.

1984 मध्ये घरात बसणारे फोन बनवायला खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. लाल, पांढरे, बटणांचे फोन आले. आयटीआयचं मुख्य गिऱ्हाईक एकच, सरकारी खातं. त्याला फोन टिकाऊ हवा होता, दिसायला कसा याची फिकीर नव्हती. दिसण्यामुळेच कारखाना मागे पडला असं मी म्हणणार नाही. एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झाली, पुढे 1995 मध्ये मोबाइल आला. पण गिऱ्हाइकाला निवडायची मुभा मिळाली, की रूपही कामाइतकंच महत्त्वाचं ठरतं, हे तेव्हा दिसलं.

शेवटी मी तो शोभेचा फोन घेतला नाही. जुन्या बाजारातून खरा काळा फोन आणला. लाइन नाही, पण तबकडी फिरते. नातवानं शून्य फिरवलं, ती परत येईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, याला इतका वेळ का लागतो?" मग त्याला कॉलरच्या डबीपासून सगळं सांगितलं. पॉइंटही बुजवू दिला नाही.

तुमच्या घरी फोन कुठं ठेवलेला होता? बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, आठवत असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.