जुन्या गोव्याचा अर्धा मनोरा आणि जॉर्जियाची राणी

जुन्या गोव्यातील मोन्ते सांतो टेकडीवर जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंच मनोरा उभा आहे. खरे तर तो अर्धाच आहे. त्यापुढे छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, तो ऑगस्टिनियन मठाच्या भव्य चर्चचा अवशेष आहे.

या संघाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. १५९७ ते १६०२ या काळात त्यांनी ‘नोसा सेन्योरा दा ग्रासा’ हे चर्च बांधले. गोवा तेव्हा पोर्तुगीज सत्तेची पूर्वेकडील राजधानी आणि इराणी आखाताशी जोडलेले बंदर होते. व्यापाऱ्यांच्या मागोमाग ऑगस्टिनियन साधूही इराणात पोहोचले होते.

तेथेच या कथेला अनपेक्षित वळण मिळते. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. तेथील ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले. त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यास आणून मठाच्या सभागृहात एका खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवण्यात आले.

हे चर्च कोणा आक्रमकाने पाडले नाही. त्याचा घात केला एका सरकारी हुकुमाने. पोर्तुगालने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढील वर्षी गोव्यातील मठही रिकामे झाले. साथींच्या रोगांनी शहर आधीच ओस पडले होते. देखभालीस माणूसच उरला नाही, तेव्हा जांभा आणि कोकणचा पाऊस यांच्या झुंजीचा निकाल ठरलेलाच होता. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. घंटा तेवढी वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

राणीची पेटी मात्र ढिगाऱ्यात हरवली. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत तिच्या जागेचा उल्लेख होता, पण सभागृहच भुईसपाट झाल्यावर ‘अमुक खिडकीपाशी’ या खुणेला काय अर्थ? पुरातत्त्व विभागाला आधी खोल्यांचा आराखडा जमिनीतून उकलावा लागला. अनेक वर्षांच्या उत्खननानंतर हाताचे एक हाड सापडले. हैदराबादच्या सीसीएमबीने त्याचा डीएनए तपासला. त्यातील मातृवंशीय गट हजारो भारतीय नमुन्यांत कोठेही आढळला नाही. जॉर्जियातील नमुन्यांत आढळला.

जॉर्जियन चर्च केतेवानला संत मानते. जुलै २०२१ मध्ये त्या अवशेषाचा एक भाग भारताने जॉर्जियाला सन्मानपूर्वक सुपूर्द केला.