१४ ऑक्टोबर : रॉबी कोल्ट्रेन स्मृतिदिन

'हॅरी पॉटर'च्या आठही चित्रपटांत हॅग्रिड साकारणारे स्कॉटिश अभिनेते रॉबी कोल्ट्रेन यांचे २०२२ साली आजच्याच दिवशी निधन झाले. ग्लासगोलगतच्या रदरग्लेन येथे ३० मार्च १९५० रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव अँथनी रॉबर्ट मॅकमिलन. थोर जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यावरील प्रेमापोटी त्यांनी नवे आडनाव घेतले. शिक्षण चित्रकलेचे, ओढ मात्र रंगभूमीची.

त्यांच्या अभिनयाची खरी उंची दिसते ती 'क्रॅकर' या मालिकेत. दारू-जुगाराच्या आहारी गेलेला, तरीही संशयिताच्या मनाचा तळ गाठणारा मानसशास्त्रज्ञ त्यांनी असा काही उभा केला, की १९९४ ते १९९६ अशी सलग तीन वर्षे 'बाफ्टा' पुरस्कार त्यांच्याकडेच गेला. दोन बाँडपटांतही ते झळकले.

मुलांच्या मनात मात्र ते हॅग्रिड म्हणूनच घर करून आहेत. वादळी रात्री दार पाडून झोपडीत शिरलेला तो अवाढव्य माणूस कोटाच्या खिशातून चेपलेला वाढदिवसाचा केक काढतो आणि ओशाळत, अलगद पोरक्या हॅरीच्या हातात देतो. तो ओशाळलेपणा आजही डोळे ओलावतो.