नांगराची निशाणी

गेल्या वर्षी तृतीय वर्ष कला शाखेतल्या एका विद्यार्थ्याने १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर प्रकल्प लिहून दिला. मजकूर नेटका होता, भाषा सफाईदार. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातल्या दोन ओळी त्यात अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह दिलेल्या होत्या. त्या पानावर त्या ओळी नव्हत्या; अख्खा अहवाल पालथा घातला तरी सापडल्या नाहीत. मुलाला बोलावून विचारले. त्याने काही लपवले नाही. “सर, एआयला विचारलं होतं. इतकं नीट लिहिलंय म्हणजे असणारच, असं वाटलं.”

मला राग आला, पण तो फार टिकला नाही. कारण या प्रकरणाच्या पूर्वपीठिकेत मीही आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते शिकवण्यासाठी नव्हे. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचे, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची पहिली तुकडी पदवीधर झाली. त्या पिढीच्या व्यासंगाबद्दल शंका नाही. पण व्यवस्थेचा सगळा भार उत्तरपत्रिकेवर होता. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने हेच दुखणे नोंदवले: परीक्षा अध्यापनासाठी असावी, इथे अध्यापनच परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली, तरी सवय सुटली नाही.

जिथे कागदालाच किंमत, तिथे कागद पुरवणारा उभा राहणारच. आपल्याकडे तो ‘गाइड’च्या रूपाने उभा राहिला. तासिका तत्त्वावर काम करत असताना घरभाड्यासाठी मीही एक गाइड लिहिले, अर्थात नाव न घालता. त्यात घाईत एक चूक झाली. दंग्याची सुरुवात १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात झाली. मी शिरूर लिहून गेलो. पुढची काही वर्षे परीक्षक म्हणून माझ्यासमोर ‘शिरूर’ लिहिलेल्या उत्तरपत्रिका येत राहिल्या आणि माझ्याच चुकीचे गुण मी लाल पेनाने कापत राहिलो.

मग आज नवीन काय घडले आहे? गाइडचे उत्तर सर्वांचे सारखे असे. चार पेपर तपासले की ओळखू येई. त्यातल्या चुकीला मालकही होता. आजचे यंत्र प्रत्येकाला वेगळे उत्तर देते. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवते, या हिशेबाने ते वाक्य जुळवते. म्हणून नसलेले अवतरणही असल्यासारखे वाटते. त्या चुकीचा जाब विचारायला समोर कोणी नसते. पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे की गाइडला उलट प्रश्न विचारता येत नव्हता. ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, त्या मुलाला हे यंत्र रात्री बारा वाजताही एखादा जड परिच्छेद मराठीत उलगडून दाखवते. ही सोय मी त्याच्याकडून कोणत्या तोंडाने काढून घेऊ?

स्टाफरूममध्ये यावर एकच उपाय ऐकू येतो: तोंडी परीक्षा सुरू करा. पुण्याला ती परंपरा नवी नाही. पेशवाईत श्रावणमासाची दक्षिणा मिळवायला आलेल्या विद्वानांना शास्त्री समोरासमोर पारखत. पण त्या रांगेत कोणी उभे राहायचे, हे जन्मानेच ठरलेले असे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक असतो. परीक्षकाला आडनाव दिसत नाही, गावाकडची बोली ऐकू येत नाही. लेखी परीक्षेने दिलेले हे संरक्षण सहज टाकून देण्याजोगे नाही. शिवाय हिशेब आहेच. एकशे वीस मुले, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे वीस तास. पन्नास मिनिटांचे चोवीस तास झाले. आमच्या विभागात आम्ही दोघेच आहोत.

त्या मुलाला मी अहवालाचा खंड दिला. म्हटले, “यंत्राची मदत घे, पण मला पान दाखव.” तीन आठवड्यांनी तो आला. त्याचे गाव सुप्याजवळच आहे. त्याने विचारले, “सर, माणसांना फारसं मारलं नाही. मग कागदच का जाळले?”

असा प्रश्न ना माझ्या गाइडमध्ये होता, ना त्याच्या प्रकल्पात. आम्ही तासभर बोललो. कर्जखत सावकाराकडचा माणूस लिही. ज्याच्या नावाने ते लिहिले जाई, त्या कुणब्याला बहुधा वाचता येत नसे. सहीच्या जागी नांगर काढून ‘निशाणी नांगराची’ असे लिहीत. पुढे कोर्टात त्या कागदाचेच खरे मानले जाई. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतपत्रे बंद केली नाहीत. ती सरकारने नेमलेल्या गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहावीत, असे ठरवले.

तो गेल्यावर मी त्याचा जुना प्रकल्प पुन्हा उघडला. शेवटच्या पानावर ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ असे छापील निवेदन होते. खाली त्याची वळणदार सही.

यंदा आम्ही दोघांनी एवढेच ठरवले आहे. गुण द्यायचे ते वर्गात बसून, फक्त बैठक क्रमांक घालून लिहिलेल्या उत्तराला. त्याआधी प्रत्येकाने मूळ साधनाचे एक पान आणायचे आणि त्यावर आमच्याशी दहा मिनिटे बोलायचे. त्या बोलण्याला गुण नाहीत. घरी यंत्राला काय विचारले, हेही तिथे मोकळेपणाने सांगायचे. चोवीस तासांपैकी नऊ वेळापत्रकात बसले आहेत. उरलेले पंधरा शनिवारी दुपारी घेतो आहोत. पहिल्या शनिवारी सात मुले आली.