पायाखालचे बाण

व्हिडिओ गेमने मुलांना खुर्चीला खिळवलं, ही तक्रार जुनी आहे. त्यांना खुर्चीवरून उठवण्याचा प्रयत्नही जवळजवळ तितकाच जुना. 1986 साली जपानच्या बांदाई कंपनीने निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी 'फॅमिली ट्रेनर' नावाची चटई बाजारात आणली. जमिनीवर अंथरायची, यंत्राला जोडायची आणि तिच्यातल्या बारा बटणांवर पाय आपटत पडद्यावरच्या धावपटूला पळवायचं. दोन वर्षांनी निन्टेन्डोने तीच चटई 'पॉवर पॅड' या नावाने अमेरिकेत विकली. तिच्यावर खेळायच्या मोजक्या खेळांत 'डान्स एरोबिक्स' हा एक होता. पडद्यावर शिक्षिका, तिच्यासमोर आपण, आणि ती दाखवेल तशी पावलं टाकायची.

कल्पना काळाला साजेशी होती. 1982 मध्ये अभिनेत्री जेन फोंडाच्या व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि टीव्हीसमोर एरोबिक्स करण्याची चाल अमेरिकेत घरोघरी रुजली. पण कॅसेटमधल्या फोंडाला समोरचं काही दिसत नसे. पाऊल चुकलं काय, कुणी मध्येच बसकण मारली काय, तिची कसरत चालूच. चटईला निदान पाऊल कळत होतं. मात्र ते पाऊलच आहे की आणखी काही, हे तिला कळत नव्हतं. गुडघ्यांवर बसून हातांनी बटणं बडवली की धावपटू आणखी वेगाने पळतो, हे मुलांनी लगेच शोधून काढलं. व्यायामासाठी आणलेल्या खेळात व्यायाम चुकवणं हीच जिंकण्याची युक्ती ठरली.

पुढची मोठी उडी ज्यांनी घेतली त्यांच्या डोक्यात व्यायाम नव्हताच.

1998 मध्ये जपानच्या कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हे यंत्र गेम पार्लरमध्ये उभं केलं. आदल्या वर्षी तिच्या 'बीटमेनिया' या खेळाने लोकांना हातांनी ताल धरायला लावलं होतं. आता तो ताल पायांत आला. खेळाडूच्या पायाखाली चार बाण: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पडद्यावर तेच बाण खालून वर सरकतात, ठरलेल्या रेषेला भिडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी पाय पडायला हवा. सोप्या पातळीवर ही नुसती चाल असते. अवघड पातळीवर पाय इतके झरझर पडतात की गाणं संपेपर्यंत छाती भात्यासारखी हलू लागते. शिवाय हे सारं चारचौघांत. यंत्राभोवती गर्दी जमायची, आणि पट्टीचे खेळाडू पडद्याकडे पाठ करून, गिरक्या घेत नाचायचे.

1999 मध्ये हा खेळ प्लेस्टेशनवर आला, सोबत मऊ प्लॅस्टिकची चटई घेऊन. गुळगुळीत जमिनीवर ती घसरायची, उड्या मारताना बाण पायाखालून सरकायचे. तरी घरात एक गोष्ट मिळाली जी पार्लरमध्ये नव्हती: कुणी न बघता चुकण्याची मुभा. ज्यांना गर्दीसमोर नाचायची लाज वाटे, ते दार लावून नाचू लागले. महिनोन् महिने नाचल्यावर कपडे सैल होऊ लागल्याचं खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते एकमेकांना सांगितलं. घरगुती आवृत्त्यांत आपलं वजन भरून किती कॅलरी जळल्या ते पाहण्याची सोयही आली.

या खेळाला खरी प्रतिष्ठा दिली ती वेस्ट व्हर्जिनियाने. कोळशाच्या खाणींचं हे डोंगराळ राज्य, लठ्ठपणाच्या प्रमाणात अमेरिकेत वरच्या क्रमांकावर. 2006 च्या सुरुवातीला तिथे जाहीर झालं की राज्यातल्या सर्व 765 सरकारी शाळांत हा खेळ शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून नेला जाईल. यामागचं कारण पी.टी.च्या तासाला कोपऱ्यात उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संघ निवडताना शेवटी उरणारं मूल, चेंडू हातातून सुटला की हशा ऐकणारं मूल, धावताना मागे पडणारं मूल. चटईवर संघ नसतो. प्रत्येकाची चटई वेगळी, पातळी वेगळी, आणि शेजारचा स्वतःच्या बाणांत गुंतलेला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या मुलांना हा खेळ घरी नियमित खेळायला लावला, तेव्हा त्यांचा दमसास वाढल्याचं आणि रक्तवाहिन्यांचं काम सुधारल्याचं आढळलं.

त्यानंतरच्या काही वर्षांत चटईच नाहीशी झाली. निन्टेन्डोच्या 'वी' यंत्राचा रिमोट हाताची हालचाल ओळखत असे. त्याच्यासाठी 2008 मध्ये युबिसॉफ्ट या कंपनीने काढलेल्या एका विनोदी खेळात नाचाचा छोटासा भाग होता. तिच्या पॅरिसच्या स्टुडिओने त्याचाच विस्तार करून 2009 मध्ये 'जस्ट डान्स' आणला. समीक्षकांनी नाकं मुरडली: हा खेळ फक्त उजव्या हाताचं मोजमाप घेतो, पाय हलले नाहीत तरी गुण मिळतात. तक्रार खरी होती. सोफ्यावर बसून नुसता हात हलवला तरी चालत होतं. तरी लोक उठले, आणि अख्ख्या अंगाने नाचले. पडद्यावरचा नर्तक आरशातल्यासारखा समोर, चेहरा पुसट, रिमोटच्या हातात रंगीत मोजा. त्याच्याबरोबर लहान मुलं, आयांच्या मैत्रिणी, आजी-आजोबाही नाचले. पॉवर पॅडवर लबाडी करणारी मुलं आणि लबाडीला वाव असूनही नाचणारी ही माणसं, यांच्यातला फरक गाण्याचा होता. आवडतं गाणं लागलं की हात एकटा हलत नाही. पुढच्याच वर्षी 'जस्ट डान्स 2' मध्ये खास घाम गाळण्याचा विभाग आला.

2010 मध्येच मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट' कॅमेऱ्यासोबत हार्मोनिक्स कंपनीचा 'डान्स सेंट्रल' निघाला. आता हातात काही धरायला नको. कॅमेरा सगळं अंग पाहायचा. हात किंवा पाय चुकला की पडद्यावरच्या नर्तकाचा तोच अवयव लाल व्हायचा. एकेक स्टेप सुटी करून, संथ गतीत शिकवण्याची सोयही त्यात होती, अगदी नृत्यवर्गासारखी. किनेक्टचं उत्पादन 2017 मध्ये थांबलं. 'जस्ट डान्स' मात्र टिकला.

या प्रवासात एक थंड पाण्याचा शिडकावाही आहे. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांनी मुलांना अंग हलवायला लावणारे खेळ घरी नेऊ दिले, पण किती आणि कधी खेळायचं ते सांगितलं नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं एकूणात जास्त हालचाल करत नव्हती. वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत ठरलेला तास होता, समोर शिक्षक होता, सोबत वर्गमित्र होते. नुसतं यंत्र घरात आणल्याने ते सगळं आपोआप येत नाही.

आज चटई आणि कॅमेऱ्यावाचूनही 'जस्ट डान्स' खेळता येतो. 2014 पासून 'जस्ट डान्स नाऊ' या ॲपमुळे फोनच रिमोटचं काम करतो, त्यामुळे महागडा कन्सोल नसलेल्या घरातही नाचता येतं. या मालिकेचं महाराष्ट्राशीही नातं आहे. 2008 मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्ट कंपनीकडून घेतलेल्या पुण्यातल्या स्टुडिओने 'जस्ट डान्स'च्या अनेक आवृत्त्यांवर पॅरिसच्या चमूसोबत काम केलं आहे. ब्राझीलपासून फ्रान्सपर्यंतच्या दिवाणखान्यांत लोकांना उठवून नाचायला लावणाऱ्या या खेळामागे पुणेकर प्रोग्रामरांचेही कष्ट आहेत.