क्लॅपहॅम रोव्हर्स : एक संघ, दोन खेळ

इंग्लंडमधील फुटबॉल आणि रग्बी यांचा पूर्वेतिहास बहुधा एका फाटाफुटीची कथा म्हणून सांगितला जातो. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न येथे काही संघांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. तोवर शाळाशाळांचे नियम निरनिराळे होते. चेंडू हाती घेऊन धावावे की नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी, या दोन प्रश्नांवर एकमत होईना. डिसेंबरात ब्लॅकहीथचा संघ संस्थेतून बाहेर पडला. पुढे २६ जानेवारी १८७१ रोजी पॅलमॉल रेस्टॉरंटमधील सभेत २१ संघांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना केली. दोन संस्था, दोन नियमावल्या आणि म्हणून दोन खेळ, असा हा सुटसुटीत हिशेब आहे. दक्षिण लंडनमधील क्लॅपहॅम रोव्हर्स हा हौशी संघ मात्र या हिशेबात बसत नाही.

१८६९ साली स्थापन झालेला हा संघ एका आठवड्यात असोसिएशनच्या नियमांनी खेळे, तर पुढच्या आठवड्यात रग्बीच्या. यामुळेच त्याला ‘संकरित संघ’ असे टोपणनाव मिळाले. रग्बी युनियनच्या २१ संस्थापक संघांत तो होता. त्याच वर्षी असोसिएशनने चषकस्पर्धा सुरू केली, तेव्हा तिच्यातही त्याने भाग घेतला. ११ नोव्हेंबर १८७१ रोजी त्याने अप्टन पार्कचा ३–० असा पराभव केला. या सामन्यात जार्व्हिस केनरिक याने केलेला गोल हा चषकस्पर्धेच्या इतिहासातील पहिला गोल मानला जातो. रग्बीच्या मध्यवर्ती संस्थेचा पाया घालणाऱ्या संघाच्याच खात्यावर फुटबॉलच्या सर्वांत जुन्या चषकस्पर्धेचा पहिला गोल नोंदला जावा, यात त्या काळच्या कोणालाही विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. ‘फुटबॉल’ हा शब्द दोन्ही खेळांना सारखाच लागू होता. रग्बीच्या संस्थेच्या नावातही तो होताच.

रेजिनल्ड बर्केट या खेळाडूच्या कारकिर्दीत हा दुहेरी वारसा विशेष स्पष्टपणे दिसतो. २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरो येथील रेबर्न प्लेसच्या मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. दोन्ही बाजूंना वीस-वीस गडी होते. इंग्लंडतर्फे पहिला ‘ट्राय’ बर्केटने नोंदवला. त्या काळी ट्रायला स्वतंत्र गुण नसत, गोलाच्या दिशेने चेंडू मारून पाहण्याचा अधिकार तेवढा त्यातून मिळे. तो प्रयत्न फसला आणि इंग्लंडने सामना गमावला. आठ वर्षांनी, ५ एप्रिल १८७९ रोजी, हाच बर्केट असोसिएशन फुटबॉलमध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा गोलरक्षक म्हणून उभा राहिला. मध्यंतरापर्यंत १–४ असा मागे पडलेला इंग्लंडचा संघ अखेर ५–४ असा विजयी झाला. ज्या खेळातून हाताचा वापर हद्दपार झाला होता, त्यात हाताला मोकळीक असलेली गोलरक्षकाची एकमेव जागा रग्बीत मुरलेल्या गड्याकडे यावी, हे अर्थपूर्ण आहे.

त्या सामन्यात बर्केटबरोबर क्लॅपहॅमचा आणखी एक खेळाडू होता. जेम्स प्रिन्सेप याचा जन्म १८६१ साली हिंदुस्थानात झाला होता. एकाच आठवड्यात त्याने दोन विक्रम केले. २९ मार्च १८७९ रोजी, १७ वर्षे २४५ दिवसांचा असताना, तो चषकाच्या अंतिम सामन्यात खेळला. सात दिवसांनी तो इंग्लंडकडून उतरला. इंग्लंडचा सर्वांत लहान वयाचा खेळाडू हा त्याचा मान वेन रूनीने २००३ साली घेतला, तर अंतिम सामन्याचा विक्रम २००४ पर्यंत टिकला. तो अंतिम सामना क्लॅपहॅमने ओल्ड इटोनियन्सविरुद्ध ०–१ असा गमावला होता. पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १८८० रोजी, केनिंग्टन ओव्हलवर सामना संपत आला असता क्लॉप्टन लॉइड-जोन्सने केलेल्या एकमेव गोलाच्या बळावर क्लॅपहॅमने ऑक्सफर्ड विद्यापीठाला हरवून चषक जिंकला.

या यशाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. आलटून पालटून दोन खेळ खेळण्यासाठी सवड लागते, आणि खेळाचा मोबदला न घेण्यासाठी अन्य मार्गाने पोट भरलेले असावे लागते. क्लॅपहॅम, ओल्ड इटोनियन्स, ऑक्सफर्ड ही सारी मंडळी बहुतांशी सुस्थितीतील वर्गातून आलेली होती. हौशीपणा हा त्यांचा आदर्श होता, तसाच तो त्यांच्या स्थितीचा परिणामही होता. १८८३ साली लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सवर २–१ असा विजय मिळवला. त्या संघात गिरण्यांत राबणारे गडी होते. त्यानंतर दक्षिणेतील जुन्या हौशी संघांकडे चषक कधीच परतला नाही. १८८५ साली असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. रग्बी युनियनने ती नाकारली. खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी या मागणीवरून १८९५ साली उत्तरेतील संघ वेगळे झाले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन स्थापन केली.

येथे त्या सुटसुटीत हिशेबातील उणीव ध्यानात येते. १८६३ च्या वादाने नियम वेगळे केले, माणसे वेगळी केली नाहीत. त्यानंतर जवळजवळ दोन दशके एकच संघ दोन्ही मैदानांवर सहजतेने वावरू शकला आणि दोन्हीकडे मानाने वावरला. त्याचे ते वावरणे अशक्य केले ते नडगीवरच्या लाथेने नव्हे. नियमित स्पर्धा, खास तयारी आणि श्रमाचे मोल या गोष्टी खेळात आल्या, तेव्हा प्रत्येकाला एकच खेळ निवडणे भाग पडले. त्या निवडीने कामगाराला मैदान खुले केले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. क्लॅपहॅमसारख्या संघाला मात्र तिच्यात जागा उरली नाही. दोन्ही खेळांचे इतिहास पुढे स्वतंत्रपणे लिहिले गेले. एकात त्याचे नाव १८८० च्या विजेत्यांच्या यादीत येते, दुसऱ्यात संस्थापकांच्या यादीत. या दोन नोंदी एकाच संघाच्या आहेत, हे ध्यानात घेतले तरच त्या काळाचे यथार्थ आकलन होते.